डोळा लागला म्हणजे नेमकं काय झालं?

प्रति,
मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार. मी कराडचा, रिटायर ड्रायव्हर. एकतीस वर्षं गाडी चालवली, सुरुवातीला ट्रक आणि नंतर प्रायव्हेट बस, बहुतेक सगळी रात्रीची लाईन कोल्हापूर-मुंबई. आता मुलाच्या दुकानात बसतो आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, निधनवार्तासकट, त्यामुळं तुम्हाला हे लिहायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

अपघाताची बातमी आली की तुमच्याकडं दोन वाक्यं ठरलेली असतात (तुमच्याच नाही, सगळ्याच पेपरांत). वर मोठ्या अक्षरात 'काळाचा घाला' आणि खाली बारीक अक्षरात 'चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने' आणि शेवटी 'चालकाविरुद्ध गुन्हा दाखल'. मग मला सांगा घाला काळानं घातला का चालकानं? काळानं घातला असेल तर त्या पोराला आत कशाला टाकताय, आणि चालकानं घातला असेल तर काळाचं नाव कशाला. दोन्ही एका बातमीत कसं बसतं हे मला एकतीस वर्षांत कळलं नाही, पण गंमत अशी की वाचणाऱ्यांनाही ते खटकत नाही. आपण सगळेच असं बोलतो. गेलेल्याच्या घरी जाऊन म्हणतो 'त्याची वेळ भरली होती' आणि तिथून बाहेर पडून चपला घालता घालता म्हणतो 'ड्रायव्हर दारू प्यायला असणार'.

मागच्या आठवड्यात अशीच एक बातमी होती, 'चालकाचा डोळा लागल्याने' म्हणून. कुठली ते सांगत नाही, केस चालू असेल. पण त्या 'डोळा लागला' वरनं माझं डोकं दोन दिवस फिरतंय म्हणून लिहायला बसलो.

आपली भाषा बघा. हात सुटला. पाय घसरला. जीभ घसरली. डोळा लागला. नियंत्रण सुटलं. सगळीकडं काम करणारा दुसराच कोणीतरी, हात, पाय, जीभ, डोळा. माणूस बाजूला उभा राहून बघतोय जणू. घरात बरणी फुटली की नातू म्हणतो 'आजोबा, बरणी पडली', मी पाडली असं कधी म्हणत नाही, आणि आम्हीही लहानपणी तेच म्हणायचो. फार तर 'माझ्या हातनं पडली'. माझ्या हातनं म्हणजे मी नाही, माझा हात. कोर्टातसुद्धा तेच चालतं. आमच्यातला एकजण, त्याला मी दादा म्हणायचो, तो कठड्यात उभा राहून म्हणाला, "साहेब, झोपेत माणूस काय करतो हे त्याला ठावं असतंय का?" वकिलानं बहुतेक शिकवलं नसेल, त्याच्या मनातनं आलेलं. आणि तसं बघितलं तर खरंच आहे की. झोपलेल्या माणसाला कसली इच्छा आणि कसला निर्णय. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, तीन सेकंद डोळा लागला की पन्नास मीटर गाडीला ड्रायव्हरच नसतो. त्या पन्नास मीटरात सायकल हातात धरून चालणारा एक माणूस होता. तो गेला.

आता कोणी म्हणेल बरोबर आहे, पन्नास मीटर त्याच्या हातात काही नव्हतंच, सोडा बिचाऱ्याला. तर मी म्हणतो नाही. कारण झोप सांगून येते. हे फक्त ड्रायव्हरलाच माहीत असतं, बाहेरच्याला वाटतं बटण दाबल्यासारखी येते. आधी डोळ्यात कुसळ गेल्यासारखं होतं, मग जांभया, मग समोरच्याला डिप्पर द्यायला उशीर होतो, मग एकदम लक्षात येतं की मागचं गाव कधी गेलं ते आठवतच नाहीये. हे एवढं झालं की अर्ध्या तासात ती तुम्हाला घेऊन जाणार म्हणजे जाणार. आणि घाटात कधी येत नाही हं, घाटात माणूस टक्क जागा असतो, घाट उतरल्यावर येते. १९९७-९८ साली खंबाटकीला बोगदा नव्हता, जाणारं येणारं सगळं घाटातनंच, तो उतरून पारगाव खंडाळा मागं टाकलं की शिरवळपर्यंत सरळ रस्ता, गार वारा, पाठीमागं सगळे पॅसेंजर घोरतायत, तिथं भले भले गेलेत. म्हणजे गुन्हा झाला असेल तर तो त्या तीन सेकंदात नाही झाला, तो आधी झाला, जांभई आली तेव्हा गाडी कडेला घेतली नाही तेव्हा, आणि त्याच्याही आधी, संध्याकाळी कोल्हापूरला सलग तिसऱ्या रात्रीची फेरी 'घेतो की' म्हणाला तेव्हा.

माझी भाची पुण्यात शिकते, ती परवा आलेली, तिनं सांगितलं की अमेरिकेत लिबेट नावाच्या एका शास्त्रज्ञानं १९८३ साली प्रयोग केला, माणसाला म्हणाले तुला पाहिजे तेव्हा हात हलव, आणि मेंदूची हालचाल मोजली, तर मेंदूत तयारी सुमारे अर्धा सेकंद आधीच सुरू होती आणि 'आता हलवतो' असं त्या माणसाला वाटलं ते त्याच्यानंतर. म्हणजे मामा, आपण ठरवतो असं आपल्याला नुसतं वाटतं, ठरलेलं आधीच असतं, असं काही लोक त्यावरनं म्हणतात. मी म्हणलं बाई हे आम्हाला कोणी अमेरिकेतनं सांगायला नको, कुत्रं आडवं आलं की पाय आधी ब्रेकवर जातो आणि डोक्याला नंतर कळतं कुत्रं होतं. पण तिसऱ्या रात्रीची ड्युटी घ्यायची का नाही हे अर्ध्या सेकंदात ठरत नाही. ते टपरीवर दोन चहा पिऊन ठरतं. शेठचा माणूस समोर उभा असतो, भत्ता किती ते बोलणं होतं, 'नाही जमत तर तसं सांग, दुसरा बसवतो' हे ऐकून घेऊन, खिशातली घराची चिठ्ठी आठवून, पोरीची फी आठवून, मग ठरतं. तासभर लागतो त्याला. त्या तासाचं काय? ती जरा गप्प झाली, मग म्हणाली त्याच्यावर पण लोक वाद घालतात. घालू देत.

आता ह्या तासात माझ्या हातात किती होतं? अगदी खरं सांगायचं तर थोडं होतं. बोटभर. नाही म्हणलं असतं तर दुसरा बसवला असता आणि तो दुसराही दोन रात्री जागलेलाच असता. पण बोटभर होतं, अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही, कारण आमच्यातच एकजण होता जो स्पष्ट नाही म्हणायचा, त्याला आम्ही हसायचो, बायकोला भितो म्हणायचो, त्याची नोकरी दोनदा गेली आणि दोनदा परत लागली. म्हणजे नाही म्हणता येत होतं. फक्त महाग होतं.

आणि शेठच्या हातात? मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ पासून २०२५ पर्यंत होता, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, लांबच्या पल्ल्याला फार तर दिवसाला दहा, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. हे मला कधी कळलं माहितीय का, रिटायर झाल्यावर. पन्नास वर्षं जुना कायदा आणि मी त्याच्या आत एकतीस वर्षं काम केलं तरी मला कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. कुठल्या मालकाकडं होतो ते लिहीत नाही, सगळेच तसे होते. त्यांच्या हातात ओंजळभर होतं आणि गुन्हा दाखल होताना एफआयआरमध्ये नाव कोणाचं, तर बोटभरवाल्याचं.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याला शाळेपासून सांगतात. नारद त्याला विचारतो, तुझ्या पापात घरचे वाटेकरी आहेत का, तो घरी जाऊन विचारतो, घरचे म्हणतात तुझं पाप तुझ्यापाशी, आम्हाला पोसणं तुझं काम. मग ह्याचे डोळे उघडतात वगैरे. सगळेजण ह्यातनं वाल्याला काय शिकायचं ते सांगतात, पण मला कायम त्या घरच्यांबद्दल प्रश्न पडलाय. रांजण खड्यांनी भरत होते, जेवण रोज येत होतं, आणि एकाही दिवशी कुणी विचारलं नाही हे कुठनं आणलंस? आणि एवढं 'नाही' म्हणून ते सुटले? गोष्ट तिथं त्यांना सोडून देते आणि वाल्याच्या मागनं जाते. आपले कायदे पण तसेच जातात बघा. जुन्या दंडविधानात ३०४ अ खाली निष्काळजीपणानं मृत्यूला दोन वर्षं होती, नवीन न्याय संहिता १ जुलै २०२४ ला आली त्यात पाच वर्षं झाली. पळून गेला आणि पोलिसांना कळवलं नाही तर दहा वर्षं असंही कलम होतं, त्याच्यावरनं जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसात ड्रायव्हर लोकांनी संप केला, पेट्रोल पंपावर लाईनी लागल्या तुम्हाला आठवत असेल, मग ते कलम तेवढं लागू न करता ठेवलं. आणि २०१९ ला मोटार कायद्यात सुधारणा झाली त्यात रस्ता चुकीचा बांधणाऱ्या, नीट न राखणाऱ्या कंत्राटदारासाठीपण कलम आलं, चांगली गोष्ट, पण शिक्षा किती, एक लाखापर्यंत दंड. रस्त्याच्या वळणामुळं माणूस मेला तर लाखभर रुपये आणि त्याच वळणावर ड्रायव्हर चुकला तर पाच वर्षं जेल. ह्याचा हिशोब मला कुणीतरी समजावून सांगा.

पळून जाण्याबद्दल दोन शब्द, कारण ड्रायव्हरला सगळ्यात जास्त शिव्या त्याच्यावरनं पडतात. पळणं वाईटच. जखमीला तिथं टाकून गेलेला ड्रायव्हर माझ्या घरी आला तर मी पाणी देणार नाही. पण मोटार वाहन कायद्याचं १३४ कलम वाचा, जखमीला दवाखान्यात नेणं ड्रायव्हरचं कर्तव्य आहे असं सांगताना त्यातच लिहिलंय की जमावाच्या रागामुळं शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यालापण माहितीय की लोक आधी मारणार आणि मग विचारणार कुणाची चूक. मोठ्या गाडीची चूक हे ठरलेलंच. ट्रक आणि मोटरसायकल, ट्रकची. बस आणि ट्रक, जो जिवंत राहिला त्याची.

१ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बसला आग लागून पंचवीस माणसं गेली. ड्रायव्हर वाचला, तो म्हणाला टायर फुटला, आरटीओनं तपासलं तर टायर फुटल्याचा पुरावा नाही म्हणाले. तो खोटं बोलला का? असेलही. पण मला असंही वाटतं की त्याला स्वतःला टायर फुटला असंच वाटलं असेल, जाग येताना दणका बसतो तो टायरचाच वाटतो, मला माहितीय. नंतर त्या जागेवर कुणीतरी महामृत्युंजय यंत्र बसवलं, लोक जमवून जप केला, आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मी देवाधर्माचा माणूस आहे, वारीला दोनदा गेलोय, पण मला त्या यंत्राचा राग आला, कारण जागा शापित आहे म्हणलं की मग कोणालाच काही विचारायला नको, ना ड्रायव्हर किती तास जागा होता ते, ना मालकाला, ना रस्ता बांधणाऱ्याला. घाला घालणारा काळ एकटाच उरतो आणि त्याला समन्स काढता येत नाही.

ह्याच्या उलट टोक बघायचं तर स्वारगेट. २५ जानेवारी २०१२, एसटीच्या एका ड्रायव्हरनं सकाळी डेपोतली गाडी काढली आणि पुण्याच्या रस्त्यावरनं वाटेल तशी पळवली, नऊ माणसं मारली. त्या दिवशी आम्ही सगळे ढाब्यावर टीव्ही बघत होतो आणि एकजात म्हणालो फाशी द्या, मीपण म्हणलो, आम्हा ड्रायव्हर लोकांचीच मान खाली गेली होती त्यामुळं आम्ही जास्तच मोठ्यानं म्हणलो. नंतर केसमध्ये आलं की त्यानं रात्रीची ड्युटी बदलून मागितलेली, मिळाली नाही, आणि वकिलांचं म्हणणं की त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आधी औषधोपचार झाला होता. कायदा वेड कशाला म्हणतो तर कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे हेच कळत नसेल तर. कोर्टानं ते मानलं नाही. खाली फाशी झाली, हायकोर्टात कायम झाली, आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं ती काढून जन्मठेप केली. आमच्यात तेव्हा परत वाद. मी ह्या वेळी गप्प बसलो. माझी बायको म्हणाली, "सुटला बी नाही आन मेला बी नाही, बरोबर केलं." मला तेव्हा ते मधलंच काहीतरी वाटलं, पण आता वाटतं बरोबर म्हणाली. पूर्ण शहाणा का पूर्ण वेडा, असे दोनच रकाने असले की माणूस कुठंतरी कोंबावा लागतो. नऊ घरांना काय वाटलं असेल ते वेगळंच, त्यांच्या वतीनं मी बोलू शकत नाही. ते म्हणाले फाशीच पाहिजे होती तर मी ऐकून घेईन, वाद घालणार नाही.

नुकसानभरपाईच्या बाबतीत मात्र आपला कायदा शहाणा निघाला असं माझं मत. चूक कुणाची हे सिद्ध न करतासुद्धा ठरावीक पैसे देता येतात, आधीपासून तशी सोय होती, २०१९ च्या सुधारणेनंतर मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच. म्हणजे त्या घराला आधी पैसे मिळू देत, दोष कुणाचा ते नंतर बघू. मिळायला किती चपला झिजतात हा भाग सोडा, पण विचार बरोबर आहे. दोष वाटताना पण असाच जरा धीर का धरता येत नाही? ज्याच्या हातात जेवढं होतं तेवढं त्याच्या माथी, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते शोधायला वेळ लागतो, गुन्हा दाखल झाला त्या संध्याकाळी ते कळत नाही.

एसटीत बिनअपघात सेवेचा बिल्ला देतात, माझ्या चुलत भावाला मिळालाय, त्यानं तो काचेच्या कपाटात ठेवलाय आणि तो खरंच चांगला ड्रायव्हर होता, प्रश्नच नाही. पण त्या बिल्ल्याकडं बघताना मला नेहमी अवघडल्यासारखं होतं, कारण माझाही रेकॉर्ड कोरा आहे. एकतीस वर्षं, एक गुन्हा नाही, एक चलन सोडलं तर. रिटायर झालो तेव्हा मालकानं शाल-नारळ दिला आणि भाषणात म्हणाला ह्यांच्याकडनं कधी मुंगी मेली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

१९९७ च्या डिसेंबरात, खंबाटकी उतरल्यावर, पारगाव खंडाळ्याच्या पुढं, मला दणका बसला आणि जाग आली. गाडी साईडपट्टीवर होती, डावं चाक मातीत, समोर बाभळीचं झाड लाईटमध्ये पांढरं दिसत होतं. मी स्टिअरिंग ओढलं, गाडी रस्त्यावर आली. क्लीनर झोपलेला, त्याला कळलं नाही. एक बाई मागनं ओरडली, "खड्डा होता काय ओ?" मी म्हणलं होय. पुढं शिरवळला चहाला थांबलो, हात थरथरत होते, तोंडावर पाणी मारलं आणि गाडी मुंबईला वेळेत लावली. त्या आठवड्यात सलग तिसरी रात्र होती. किती सेकंद झोपलो होतो मला माहीत नाही. तिथं कोणी सायकलवाला नव्हता एवढंच.

दादाचं झालं ते त्याच्यानंतर सव्वा वर्षानं. तीच लाईन, तोच सरळ रस्ता, फार तर दोन किलोमीटर पुढं-मागं. त्याला खालच्या कोर्टात वर्षाची शिक्षा झाली, अपिलात सहा महिने राहिले, ते त्यानं भोगले, केस सगळी मिळून आठ वर्षं चालली, लायसन गेलं, त्याच्या पोरीचं लग्न एकदा ठरून मोडलं. मी जेलमध्ये भेटायला गेलो होतो. तेव्हा तो म्हणाला, "तू नशीबवान, तुझ्यावर कधी अशी वेळ आली नाही. तू थांबला असतास, तू शहाणा हाईस." आणि मी मान हलवली. सांगायला पाहिजे होतं की मी थांबलो नव्हतो, माझ्याकडं फक्त बाभळीचं झाड होतं. नाही सांगितलं. तेव्हा वाटलं त्याला अजून कशाला त्रास, पण तसं नव्हतं, मला तो 'शहाणा' शब्द सोडवत नव्हता. हे मात्र झोपेत झालं नाही. पूर्ण जागा होतो, समोर जाळी होती, वेळ भरपूर होता.

दादा अजून आहे, पंच्याहत्तरीला आला, तुमचाच पेपर घेतो आणि पत्रांचं पान पहिलं वाचतो. पत्र लिहायला घेतलं तेव्हा शेवटी 'नाव छापू नये' असं लिहिणार होतो. आता लिहीत नाही. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर जोडलाय, जागा असेल तर छापा.

आपला,
एक वाचक, कराड